शिंपल्यांचे मामा

मामा शिंपल्याला जीभ लावत. आधी तो डाव्या अंगठ्याच्या नखावर दोनदा टिचवून बघत, मग कानाजवळ नेत, आणि शेवटी डोळे मिटून जिभेच्या टोकाला टेकवत. शिंपला जिभेला चिकटला तर तो डावीकडच्या डब्यात जाई, नाही चिकटला तर उजवीकडच्या. उजवीकडचे चांगले, डावीकडचे वाया गेलेले. एका शिंपल्याला विडी पेटवायला लागतो तेवढा वेळ. हेच ठरवायला मला सूक्ष्मदर्शक, काचपट्टी, आम्लाची बाटली आणि अर्धी सकाळ लागायची, आणि शेवटी उत्तर तेच निघायचं.

मी मत्सरी माणूस आहे. कुणी दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकलेलं बरं. पेठ वडगावच्या एका शाळामास्तराचा मी मुलगा, एम. एस्सी.ला पहिला आलेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी कोल्हापुरात भूशास्त्राचा अधिव्याख्याता झालेला. मामा आमच्या विभागाचे शिपाई. तास संपला की घंटा द्यायची, पाण्याचा माठ भरायचा, नकाशे भिंतीवर टांगायचे, ही त्यांची नेमणुकीची कामं. अशा माणसाचा हेवा करण्यात दहा वर्षं घालवणारा दुसरा अधिव्याख्याता मी तरी पाहिलेला नाही.

त्यांचं नाव दस्तगीर. राहायला शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात. घराण्याचा धंदा कल्हईचा. वडील भांड्यावर टिचकी मारून सांगत, तळ पातळ झालाय, आणखी दोन कल्हया सोसेल, तिसरीला भोक पडेल. मामा लहानपणी भाता मारत बसायचे, तिथं त्यांचे कान तयार झाले. पुढे घराघरांत स्टीलची भांडी आली, कल्हईला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि मामा आमच्याकडे शिपाई म्हणून लागले. सगळा विभाग त्यांना मामा म्हणे. ते आम्हा सगळ्यांना सर म्हणत, पण त्यातही त्यांनी दोन भाग पाडले होते. विभागप्रमुख ते मोठं सर, आणि मी धाकलं सर. मला ते ‘धाकलं’ फार लागायचं.

मोठे सर मूळचे चंदगडचे. पावसात वाढलेला माणूस, बोलणं कमी आणि हसणं त्याहून कमी. त्यांना एकच प्रश्न पडलेला होता. कोकणात खाड्यांच्या काठाला, आज भरतीचं पाणी पोहोचतं त्याच्या दोन पुरुष उंच, मातीत शिंपल्यांचे थर सापडतात. म्हणजे समुद्र एके काळी तिथवर होता. तो केव्हा होता, आणि केव्हा मागे सरला? घाट उतरून मोठे सर ते थर खणायचे आणि माती पोत्यांत भरून एस्टीच्या टपावरून कोल्हापूरला आणायचे. कंडक्टर विचारायचा, ‘काय हाय पोत्यात?’ मोठे सर म्हणायचे, ‘समुद्र.’ कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा.

उत्तर शिंपल्यातच असतं. जनावर जिवंत असतं तोवर ते समुद्रातला कार्बन घेऊन आपलं कवच बांधतं. त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन असतो. जनावर मेलं की नवा कार्बन येणं थांबतं आणि आतला किरणोत्सारी तेवढा ठरल्या गतीनं कमी होत जातो. किती उरला हे मोजलं की किती वर्षं झाली ते कळतं. मोजण्याचं यंत्र आमच्याकडे कुठलं असायला? ते लांबच्या शहरात एका संस्थेत होतं, आणि तिथं आमची पाळी वर्षातून एकदा येई. दर खेपेला ओंजळभर शिंपले लागत. ते मात्र निखळ हवेत. मधल्या काळात पावसाचं पाणी मुरून शिंपला झिजला, त्यात नवा चुना बसला, तर त्या नव्या चुन्यातला कार्बन वय कमी दाखवतो. झिजलेला शिंपला सच्छिद्र होतो, आणि म्हणून तो जिभेला चिकटतो. मामांनी हे पुस्तकातून काढलेलं नव्हतं. एकदा मोठ्या सरांनी निवडून ठेवलेल्या शिंपल्यांतले चार त्यांनी नखावर टिचवले, जीभ लावली आणि म्हणाले, ‘सर, ही चार कल्हई उडाल्याली हाईत.’ सरांनी ते चार फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चारही आतून खाल्लेले होते.

त्या दिवसापासून मामांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. घंटेला आणि माठाला मोठ्या सरांनी दुसरी व्यवस्था लावली. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, विद्यार्थी त्यांना मुद्दाम ते बोलायला लावायचे. ‘दर्या खोटं बोलत न्हाय पोरांनो. मधला पाऊस खोटं बोलतो.’ मी समुद्रतळाच्या गाळावरचा जो तास चाळीस मिनिटं घ्यायचो, त्याचा अर्थ यापेक्षा फारसा वेगळा नव्हता. मुलांनी वहीत मामांचं वाक्य उतरवून घेतलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मामा तंबाखू खायचे, तीही चुना लावून. तीस वर्षांची सवय. मोठ्या सरांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी मामांना समोर बसवून समजावलं, की चुना म्हणजे भाजलेला शिंपलाच, तो हवेतला कार्बन ओढून घेतो, आणि हवेतला कार्बन आजचा असतो. जिभेवर चुना असेल तर तुमच्या हातून पाच हजार वर्षांच्या शिंपल्याला आजचा दिवस चिकटेल. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातली चुन्याची डबी काढली, खिडकीतून बाहेर टाकली आणि शिंपले निवडायला बसले. पंधरा दिवस त्यांचे हात थरथरत होते, कुणी बोललं तर खेकसायचे. पण डबी पुन्हा दिसली नाही. मी त्या सुमारास सिगारेट सोडण्याचा तिसऱ्यांदा निश्चय केला होता आणि तिसऱ्यांदा मोडला होता.

खरं दुखणं वेगळंच होतं. माझा पीएच.डी.चा विषय या थरांचाच, आणि मार्गदर्शक मोठे सरच. मी एखादा नमुना घेऊन त्यांच्या खोलीत गेलो, टिपणं दाखवली, आकृती दाखवली, की ते सगळं शांतपणे बघत आणि विचारत, ‘मामांना दाखवलं का?’ बस्स. माझं सगळं काम त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबे. मी कधी म्हणालो नाही, की सर, मी पाहिलंय ते पुरे नाही का? पण मनात म्हणत होतोच. रात्रंदिवस म्हणत होतो. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, ‘हे मामा म्हणजे तुमचे कोण?’ मी म्हणालो, ‘माझे परीक्षक.’

एका हिवाळ्यात मोठे सर मामांना कोकणात घेऊन गेले. मीही होतो, पण मला ‘घेऊन गेले’ असं म्हणता येणार नाही, मी कामाला होतो. मामांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. आम्हाला वाटलं, माणूस हरखेल. किनाऱ्यावर पोचल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, ‘एवढं पाणी, आन् प्यायला घोट न्हाय. कुणाच्या कामाचं?’ मोठे सर हसले. साधं हसले नाहीत, वाळूत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी सात वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, मला त्यांचे सगळे दात त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. परत येताना घाटात एस्टी बंद पडली, तेव्हा सर आणि मामा एका दगडावर बसून एकाच पानातली भाकरी खात होते. मी दुसऱ्या दगडावर माझा डबा उघडला. कुणी मला बोलावलं नाही असं नव्हे. बोलावलं, तेव्हा मीच म्हणालो की भूक नाही, आणि मग त्यांच्यासमोर जेवता येईना म्हणून डबा तसाच बंद केला.

पुढच्या वर्षी मोठ्या सरांनी ठरवलं, आता लेख लिहायचा. एकाच ठिकाणचे एकावर एक तीन थर, तिन्हींची वयं, आणि त्यावरून समुद्र कसा मागे सरत गेला त्याची गोष्ट. दोन थरांचे निकाल आले होते. तिसरा, सगळ्यांत खालचा, राहिला होता. सर म्हणाले, शिंपले निवडण्याची मामांची रीत लेखात नीट लिहायची, आणि लेखकांत मामांचं नाव घालायचं. आभारात नाही, लेखकांत. पहिलं सरांचं, दुसरं माझं, तिसरं मामांचं.

मामांचा यावर विश्वास बसेना. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आले, शर्टच्या वरच्या खिशातून कागदाचा चिटोरा काढला आणि म्हणाले, ‘धाकलं सर, इंग्रजीत माझं नाव कसं दिसंल, तेवढं लिवून देता काय?’ मी लिहून दिलं. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, बोटानं अक्षरं मोजली. ‘लई लांब हाय की,’ म्हणाले. ‘बसंल न्हवं तुमच्या खाली?’ मी म्हणालो, बसेल. तो कागद त्यांनी घडी करून पुन्हा खिशात ठेवला, आणि त्या क्षणी माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्याला दुसरं नाव नाही. मी सोळा वर्षं शिकलो होतो. माझं नाव छापून येणार याचा मला जेवढा आनंद झाला होता, त्याहून अधिक दुःख त्यांचं येणार याचं झालं.

मग मी जे केलं ते आता सांगतो. कोकणातून येताना मी किनाऱ्यावरच्या ताज्या तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, कवचं रुमालात बांधून आणली होती, मुलांना दाखवायला. आज लोक जिचं कालवण करतात तीच जात आमच्या थरांत सापडते. त्यांतली सहा मी घेतली. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला, बिजागरीपाशी, सुईनं बारीक खूण केली. कँटीनमधून किटलीभर उरलेला चहा मागून आणला, त्यात ती सहाही कवचं स्पिरिटच्या दिव्यावर उकळली आणि तपकिरी झाल्यावर खालच्या थराच्या मातीत घोळली. सकाळी मामा यायच्या आधी त्यांच्या ताटात मिसळली. म्हटलं, बघू आता ही जीभ काय सांगते. मामांनी ती चांगली म्हणून निवडली, की मी मोठ्या सरांना बोलावून आणणार होतो आणि सुईच्या खुणा दाखवणार होतो. एवढाच बेत होता. आज सांगताना तो पोरकट वाटतो, पण मी बत्तीस वर्षांचा होतो.

मामांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मी माझ्या टेबलावरून तिरक्या डोळ्यांनी बघत होतो. एकदा ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली मान घातली. दुपारी ते जेवायला गेल्यावर मी उजवीकडचा डबा उपसला. सहाच्या सहा त्यात होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण मोठे सर त्या दिवशी पुण्याला बैठकीला गेले होते, ते रात्री येणार. आणि त्या दुपारी फुटबॉलचा अंतिम सामना होता, कोल्हापुरात असल्या दिवशी शहाणी माणसं नोकरी करत नाहीत. मी डबा तसाच ठेवून मैदानावर गेलो. कोण जिंकलं ते आता आठवत नाही, पण मी दिवसभर जिंकलेला होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा रिकामा होता. मामा म्हणाले, ‘पार्सल लावलं की कालच. मोठ्या सरांनी सांगितलंतं, आपली पाळी चुकाय नगं. रजिस्टर केलंय.’ त्यांनी पोस्टाची पावती माझ्यापुढे ठेवली.

इथवर झालं ती चेष्टा होती. गुन्हा यानंतरचा. त्या संस्थेला एक पोस्टकार्ड टाकायचं होतं, की आमचा नमुना मोजू नका, त्यात भेसळ झाली आहे. मी पोस्टकार्ड आणलं. पत्ताही लिहिला. मग वाटलं, कारण काय लिहू? आणि मग त्याच्या मागून दुसरा विचार आला, की जाऊ दे ना. निकाल चुकीचा आला तर चुकेल ते मामांचं. ते पोस्टकार्ड चार महिने माझ्या टेबलाच्या खणात होतं, आणि त्या चार महिन्यांत मी खण रोज उघडत होतो.

निकाल आला. सगळ्यांत खालचा थर वरच्या दोन्हींपेक्षा तरुण निघाला, हजारेक वर्षांनी. खालचा थर आधी साचतो हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. बापापेक्षा मुलगा मोठा निघाला, लेख कोलमडला, आणि पुन्हा पाळी मिळायला वर्ष जाणार. मोठ्या सरांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘चूक माझी आहे. माणसाच्या जिभेवर इतकं सोपवायला नको होतं. कदाचित त्यांनी पुन्हा तंबाखू सुरू केली असेल.’ मी तिथं उभा होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, ‘असेल, सर.’

या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. त्यात एक शब्द ‘सर’ हा होता, तो वगळला तरी उरतो तो पुरेसा आहे.

मोठे सर मामांना रागावले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. रसायनात बुडवून शिंपल्याचा रंग बघायची नवी चाचणी आणली, ती मला करायला सांगितली, आणि खिडकीजवळचं टेबल मला दिलं. मामा घंटेकडे आणि माठाकडे परत गेले. वर्षानं दुसरा नमुना गेला, वय बरोबर आलं, लेख छापला गेला. त्यावर दोनच नावं होती. मी सरांच्या खोलीत नमुना घेऊन जायचो, ते बघायचे आणि ‘ठीक’ म्हणायचे. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. मला वाटलं होतं, तो प्रश्न गेला की त्याची जागा मला मिळेल. तसं काही झालं नाही. सर मला काहीच विचारेनासे झाले.

निकाल आला त्याच वर्षी पावसाळ्यात एक दिवस मी जिन्याखाली मामांना पाहिलं. ते तळहातावर तंबाखू मळत होते, अंगठ्यानं चुना लावत होते, सावकाश. मला बघून त्यांनी हात लपवला नाही. ‘आता काय अडलंय?’ एवढंच म्हणाले.

मला डॉक्टरेट मिळाली. मोठे सर निवृत्त होऊन चंदगडला गेले. मामा निवृत्त झाले, निरोपाला मी भाषण केलं, चांगलं झालं असं सगळे म्हणाले. मग एका जुलैमध्ये मोठे सर गेल्याचं कळलं. पावसानं रस्ता बंद होता, मला पोचता आलं नाही. आठवडा कसातरी काढला आणि मग शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात गेलो. मामांना सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो.

मामा ओट्यावर बसले होते. मामींनी आतून चहा पाठवला. मी कप हातात धरून सगळं सांगितलं. सहा कवचं, सुईच्या खुणा, न टाकलेलं पोस्टकार्ड, ‘असेल, सर’ सुद्धा. सांगून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो.

‘व्हय,’ मामा म्हणाले. ‘च्यात उकळल्याली. साखरबी हुती.’

मी वर पाहिलं.

‘पयल्याच शिंपल्याला जिभेला च्या लागला की. मग सगळी मोजली. आदल्या दिशी सांच्याला मोजून ठिवलंतं, सा जास्ती. खोलीच्या किल्ल्या दोन, एक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. आणि कोन घालनार?’

‘मग काढली का नाहीत मामा?’

‘तुमी घातल्याली. म्हटलं, धाकल्या सरांचं काय तरी शास्त्र असंल ह्यात. च्याचं काय तरी परयोग असंल. शिपायानं सरांचा शिंपला कसा काढायचा? तुमच्याकडं बघितलं बी. तुमी काय बोललासा न्हाई.’

‘पण निकाल आला तेव्हा तरी मोठ्या सरांना सांगायचं.’

मामांनी बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. तालमीतून पोरांचा दंगा ऐकू येत होता. ‘त्यांनी इचारलं असतं तर सांगितलं असतं,’ ते म्हणाले. ‘धा वर्सं ज्या त्या शिंपल्याला मला इचारलं. त्या एका टायमाला न्हाय इचारलं. मी वाट बघितली. आज इचारतील, उद्या इचारतील. निकालाच्या फुडंबी दोन म्हयनं तंबाखू न्हाय खाल्ली, इचारलं तर तोंड सोच्छ असावं म्हून.’

मामा आपणच पुढे म्हणाले, ‘मे म्हयन्यात चंदगडास्नं निरोप आलता. एकदा येऊन जावा म्हून. गेलतो. दोन दीस राह्यलो. खाटंजवळ बसवून घेतलं, हात सोडंनात. काजूचं बोलले, पावसाचं बोलले, माझ्या पोरीच्या लग्नाचं इचारलं. म्हटलं, आता इचारतील. न्हाय इचारलं.’ त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले, दोन्ही, नीट. ‘मग मीबी म्हटलं, जाऊ दे. निघाल्याल्या मानसाला काय भांडायचं.’

मे महिन्यात मी कोल्हापुरातच होतो. चंदगडाहून मला निरोप आलेला नव्हता.

मी म्हणालो, ‘मामा, मला माफ करा.’

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, जरा नवलानं, जणू मी अजून तिथं बसलेला आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं. ‘तुमास्नी कशापायी? तुमच्यावर माझा राग कवाच न्हवता. राग आपल्या मानसावर असतोय.’ मग रिकाम्या कपाकडे बोट करून म्हणाले, ‘आनि घेता काय घोटभर?’

मी नको म्हणालो आणि उठलो. इतकी वर्षं मी समजत होतो, की मी त्या माणसाचं फार मोठं नुकसान केलं, आणि ते खरंही आहे. पण त्यांच्या मनात जे भांडण होतं ते त्यांचं आणि मोठ्या सरांचं होतं, अखेरपर्यंत दोघांचंच. त्यात मला शत्रू म्हणूनसुद्धा जागा नव्हती. मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दोघांपैकी कुणीही माझ्यावर एकदा मनापासून रागावलं असतं, तर मी सुटलो असतो.